काया: सात हजार बेटांच्या देशात एक फुटबॉल क्लब टिकतो कसा?

मराठीत काया म्हणजे शरीर. फिलिपिन्समध्ये हाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'जमतं', 'झेपतं'. परीक्षेला निघालेल्या पोराला तिथली आई 'काया मो यान' म्हणते, म्हणजे 'तुला जमेल रे हे'. १९९६ मध्ये मनिलातल्या फुटबॉलवेड्या मित्रमंडळींनी क्लब काढला आणि त्याला हेच नाव दिलं: काया एफसी. तेव्हा देशात व्यावसायिक लीग नव्हती, खेळायला धड मैदानं नव्हती आणि प्रेक्षक तर जवळपास नव्हतेच. असं असूनही हा क्लब आज उभा आहे. त्याच्याहून कितीतरी श्रीमंत क्लब मधल्या काळात आले, जिंकले आणि बंद पडले.

फिलिपिनो फुटबॉल बाहेरच्याला गोंधळात टाकतो. क्लबची नावं बदलतात, गावं बदलतात, एखादी लीग सुरू होते आणि एका फेरीत संपते. खेळाडूंच्या यादीत स्पॅनिश आडनावं, जपानी नावं, घानाचा स्ट्रायकर आणि मूळ इंग्लंडचा मिडफिल्डर असे सगळे एकत्र दिसतात. कायाची गोष्ट धरून चाललं की हा गुंता बराच सुटतो, म्हणून हा क्लब निवडला आहे.

आधी बास्केटबॉलबद्दल दोन शब्द बोलावे लागतील, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचं स्थान आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे. गल्लीगल्लीत, चर्चच्या आवारात, नारळाच्या खोडाला ठोकलेल्या रिंगवर पोरं खेळत असतात. त्यांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पीबीए, १९७५ मध्ये सुरू झाली. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. या लीगमधले संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. सान मिगेल ही बिअर बनवणारी कंपनी, मेराल्को ही वीज कंपनी. संघाला गाव नाही, घरचं मैदान नाही. सामने बहुतेक मनिला परिसरात होतात आणि चाहते ब्रँडच्या नावाने घोषणा देतात.

हा साचा फुटबॉलमध्ये जसाच्या तसा आला. फिलिपिन्समध्ये क्लब म्हणजे गावाची संस्था, ही कल्पनाच रुजलेली नव्हती. क्लबमागे एखादी कंपनी, एखादा हौशी उद्योगपती किंवा सरकारी खातं असायचं. आधार देणाऱ्याचा रस संपला की क्लबही संपायचा.

२००९ च्या सुमारास युनायटेड फुटबॉल लीग, म्हणजे यूएफएल सुरू झाली. तिला अर्धव्यावसायिक लीग म्हणत. या शब्दाचा नेमका अर्थ समजून घ्यायला हवा. पूर्ण व्यावसायिक संघात खेळाडूचं पोट खेळावर चालतं आणि हौशी संघात त्याला काहीच मिळत नाही. अर्धव्यावसायिक संघ या दोन्हींच्या मध्ये असतो. एकाच संघातल्या दोघातिघांना चांगला पगार असतो, काहींना प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळतं, तर काही जण दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. सगळ्यांची जर्सी एकच असते, पण प्रत्येकाचं महिनाअखेरचं गणित वेगळं असतं.

त्या काळात सगळ्यात स्थिर पगार कुणाचा होता? सैन्यातल्या खेळाडूंचा. यूएफएलचे पहिले दोन हंगाम, २०१० आणि २०११, फिलिपिन्स हवाई दलाच्या संघाने जिंकले. हवाई दल, भूदल, नौदल यांचे संघ होते आणि त्यांतले खेळाडू रीतसर सैनिक होते. राष्ट्रीय संघाचा लाडका विंगर एमेलियो 'चीफी' कालिग्डोंग हवाई दलातलाच. गरीब घरातल्या चांगल्या फुटबॉलपटूला गणवेश म्हणजे दरमहा पगार आणि पुढे पेन्शन. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, ओएनजीसी यांच्या संघांनी खेळाडूंच्या पिढ्या जगवल्या, तसंच हे.

मग डिसेंबर २०१० मध्ये हनोईला एक सामना झाला आणि सगळं ढवळून निघालं. आग्नेय आशियाई स्पर्धेत गतविजेत्या व्हिएतनामला फिलिपिन्सने त्यांच्याच मैदानावर २-० असं हरवलं. ख्रिस ग्रेटविच आणि फिल यंगहजबंड यांनी गोल केले. देशभर एकच जल्लोष झाला. पण उपांत्य फेरीचे दोन्ही सामने इंडोनेशियात खेळावे लागले, कारण स्पर्धेच्या निकषात बसेल असं एकही मैदान फिलिपिन्सकडे नव्हतं. स्वतःच्या घरची उपांत्य फेरी परक्या राजधानीत खेळावी लागणं ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच महत्त्वाची वाटते. या देशाच्या फुटबॉलची खरी अडचण पैशाच्याही आधी जागेची आहे.

हनोईनंतर प्रायोजक आले. लोयोला हा क्लब मेराल्कोच्या पाठबळाने लोयोला मेराल्को स्पार्क्स झाला आणि फिल आणि जेम्स हे यंगहजबंड बंधू त्यात खेळू लागले. ग्लोबल एफसीने २०१२, २०१४ आणि २०१६ च्या लीग जिंकल्या. नेग्रोस बेटावरच्या बाकोलोदमधून सेरेस हा क्लब आला. त्या भागात फिरणाऱ्या पिवळ्या सेरेस बस ज्या घराण्याच्या, त्यांचाच हा क्लब, म्हणून त्याला 'बसमेन' म्हणत. सेरेसने २०१५ ची लीग जिंकली. काया या सगळ्यांत कधी दुसरा, कधी तिसरा. त्याच्या मागे सांती अरानेता होते. एलबीसी या कुरिअर आणि पैसे पाठवणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख. परदेशात राबणारे फिलिपिनो घरी पैसे आणि मोठमोठी खोकी पाठवतात, तो व्यवसाय. २०१५ च्या डिसेंबरमध्ये कायाने सेरेसला हरवून यूएफएल कप जिंकला आणि २०१६ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत बाद फेरीपर्यंत मजल मारली.

संघाची यादी कशी वाचायची

कायाच्या कुठल्याही हंगामाची यादी समोर घेतली तर तिच्यात तीन धागे दिसतात.

पहिला धागा बेटांवरच्या पोरांचा. फिलिपिन्समध्ये फुटबॉल सगळीकडे सारखा नाही. पानाय बेटावरच्या इलोइलो प्रांतात बारोताक न्युएव्हो नावाचं गाव आहे. तिथे बास्केटबॉल दुय्यम आणि फुटबॉल पहिला. गावाच्या मधोमध फुटबॉलचं मैदान आहे आणि त्या एका गावाने राष्ट्रीय संघाला एवढे खेळाडू दिले की देशभर ते फुटबॉलचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. कालिग्डोंग तिथलाच. इलोइलो ही पावलिनो अल्कान्तारा यांचीही जन्मभूमी. १८९६ मध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच स्पेनला गेला आणि १९१२ मध्ये पंधराव्या वर्षी बार्सिलोनाकडून मैदानात उतरला. युरोपातल्या क्लबकडून खेळणारा पहिला आशियाई तोच. मधल्या काळात तो वैद्यकीय शिक्षणासाठी मनिलाला परतला होता. १९१७ च्या फार ईस्टर्न स्पर्धेत फिलिपिन्सने जपानला १५-२ असं हरवलं, त्या संघात तो होता. पंधरा-दोन, आणि तेही जपानला! आज हा आकडा वाचून विश्वास बसत नाही. पुढे बार्सिलोनासाठी त्याने साडेतीनशेहून जास्त गोल केले आणि मेस्सीने मोडेपर्यंत तो विक्रम टिकला. फिलिपिन्सच्या क्लबांची चषक स्पर्धा २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला त्याचंच नाव दिलं: कोपा पावलिनो अल्कान्तारा. पहिला कोपा कायानेच जिंकला.

या स्थानिक मुलांची वाट मात्र लांबची असते. चांगला खेळाडू दिसला की मनिलातलं एखादं विद्यापीठ त्याला शिष्यवृत्ती देऊन नेतं. विद्यापीठांच्या स्पर्धा, यूएएपी, तिथे खूप मानाच्या आहेत आणि त्यांना टीव्हीवर प्रेक्षकही असतो. त्यामुळे मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत विद्यापीठाचाच असतो. युरोपात त्या वयाच्या खेळाडूने क्लबसाठी शंभरेक सामने खेळलेले असतात. फिलिपिनो मुलगा तेव्हा पदवी हातात घेऊन क्लबच्या दारात उभा असतो. माझ्या मते या देशाच्या फुटबॉलमधली सगळ्यात मोठी गळती इथे होते. तरीही पदवीचं मोल कमी लेखता येत नाही, कारण क्लब कधी बंद पडेल याची खात्री नसते.

दुसरा धागा परदेशात जन्मलेल्या फिलिपिनोंचा. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहतात: नर्स, खलाशी, घरकामगार, अभियंते. त्यांची मुलं जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, स्पेन इथल्या अकादमींमध्ये फुटबॉल शिकतात. फिलिपिन्सच्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील यांपैकी एक जण फिलिपिनो असला की मूल जन्मतः नागरिक ठरतं. शिवाय २००३ च्या कायद्याने परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनाही फिलिपिनो नागरिकत्व परत मिळवता येतं. त्यामुळे लंडनमध्ये वाढलेला मुलगा ब्रिटिश पासपोर्ट न सोडता फिलिपिनो पासपोर्ट घेऊ शकतो. यंगहजबंड बंधूंची आई फिलिपिनो, वडील इंग्रज आणि फुटबॉल चेल्सीच्या अकादमीतला. फिलने राष्ट्रीय संघासाठी १०८ सामन्यांत ५२ गोल केले.

याचा क्लबला फायदा असा, की असा खेळाडू लीगच्या नोंदवहीत 'स्थानिक' म्हणून लागतो. परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते, याच्यावर नसते. म्हणून प्रत्येक क्लब अशा खेळाडूच्या शोधात असतो. कायाचा जुना कर्णधार अ‍ॅली बोरोमेओ सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. तो राष्ट्रीय संघाचाही कर्णधार होता. पुढच्या काळात कायाकडून खेळलेल्या सिमोने रोताची गोष्ट तर मन हलवणारी आहे. मनिला परिसरात जन्मलेल्या या अनाथ बाळाला एका इटालियन दांपत्याने दत्तक घेतलं. तो इटलीत वाढला, तिथे फुटबॉल शिकला आणि मोठेपणी फिलिपिन्सला परतला. आधी स्टॅलियन या क्लबकडून खेळला, मग देशाकडून, नंतर कायाकडून. यादीत त्याच्या नावापुढे फक्त 'बचावपटू' एवढंच लिहिलेलं असतं.

भारतीय वाचकाला इथे एक फरक जाणवेल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर देशाकडून खेळता येत नाही. जपानी आई आणि भारतीय वडील असलेला इझुमी अराता आधी महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसीकडून खेळला. भारताची जर्सी घालण्यासाठी त्याला जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून उतरला. फिलिपिन्समध्ये त्याला काहीच सोडावं लागलं नसतं. मार्च २०१२ मध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कपमध्ये फिलिपिन्सने भारताला २-० असं हरवलं. दोन्ही गोल फिल यंगहजबंडचे. त्या निकालामागे कौशल्य तर होतंच, पण पासपोर्टाचा कायदाही होता.

तिसरा धागा खऱ्या परदेशी खेळाडूंचा. आशियाई क्लब स्पर्धांमध्ये अनेक वर्षं 'तीन अधिक एक' असा नियम होता: तीन परदेशी कुठलेही आणि एक आशियाई महासंघातल्या देशाचा. म्हणून संघबांधणीही ठरल्यासारखी व्हायची. स्ट्रायकर आणि मधला बचावपटू आफ्रिकेतून किंवा स्पेनमधून, आणि आशियाई जागेवर बहुधा जपानी मिडफिल्डर. कायात घानाचे जॉर्डन मिंटा पुढे आणि आल्फ्रेड ओसेई मागे खेळले. जपानचा मासानारी ओमुरा तर वर्षानुवर्षं इथेच राहिला आणि कर्णधार झाला. यू होशिदे या जपानी प्रशिक्षकानेही संघ घडवला. जपानमध्ये पहिल्या दोन विभागांत जागा न मिळालेल्या, पण शिस्तीत घडलेल्या खेळाडूंना आग्नेय आशियात काम मिळतं. क्लबला परवडणाऱ्या पैशात पक्का खेळाडू मिळतो. दोघांचंही भलं होतं.

लीग बदलते, क्लब मरतात

२०१७ मध्ये यूएफएल थांबली आणि फिलिपिन्स फुटबॉल लीग, पीएफएल सुरू झाली. आठ क्लब आणि नवा नियम: प्रत्येकाचं एक घर हवं, सामने घरी आणि बाहेर असे व्हायला हवेत. कल्पना योग्यच होती. आधीच्या लीगचे जवळपास सगळे सामने मनिला महानगरात व्हायचे, मग प्रांतातल्या पोराला आपला संघ कधी दिसणार? ग्लोबल सेबूला गेला, सेरेस नेग्रोसमध्ये होताच, दावाओ आणि इलोकोसमध्ये नवे क्लब आले. कायाने पहिल्या हंगामात मनिला महानगरातलं मकाती हे घर सांगितलं आणि २०१८ मध्ये थेट इलोइलोला मुक्काम हलवला. तेव्हापासून नाव झालं काया एफसी-इलोइलो.

पण ७,६४१ बेटांच्या देशात परगावचा सामना म्हणजे विमानाचं तिकीट. तीसेक माणसं, सामान, हॉटेल, दर दुसऱ्या आठवड्याला. तिकीटविक्रीतून हा खर्च निघत नाही आणि टीव्हीचे हक्क विकून मिळणारं उत्पन्नही नगण्य. एकाच हंगामानंतर, जानेवारी २०१८ मध्ये, मेराल्को (पूर्वीचा लोयोला) बाहेर पडला, म्हणजे देशातला सगळ्यात लोकप्रिय खेळाडू फिल यंगहजबंड ज्या संघात होता तोच संघ संपला. इलोकोसही गेला. २०१९ मध्ये फिलिपिन्स प्रीमियर लीग नावाची नवी लीग सुरू झाली, तिची एक फेरी झाली आणि तिथेच ती बंद पडली. पुन्हा पीएफएल आणावी लागली. तीन वेळा लीग जिंकलेला ग्लोबल २०२० च्या हंगामात नव्हताच.

सगळ्यात जास्त हळहळ सेरेसची वाटते. २०१७ ते २०१९ सलग तीन पीएफएल त्यांनी जिंकल्या. स्पेनचा बिएनव्हेनिदो मारान्योन गोलांचा पाऊस पाडत होता. पुढे २०२१ मध्ये त्याला फिलिपिनो नागरिकत्वही मिळालं. २०१७ च्या एएफसी कपमध्ये सेरेस आग्नेय आशियाचा विजेता ठरला. नंतर ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलने त्यांना बाहेर काढलं आणि पुढच्याच फेरीत बेंगळुरू एफसीलाही. एवढा तगडा क्लब, आणि २०२० च्या महामारीत मालकाने तो विकला. नाव युनायटेड सिटी झालं, गुंतवणूकदार बदलले. त्या वर्षीची लीग त्यांनी जिंकली, २०२१ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये बीजिंग गुओआनला हरवलं, आणि २०२२-२३ च्या हंगामात अर्ध्यावर माघार घेतली. बाकोलोदच्या पानाद मैदानात जमणाऱ्या गर्दीचा संघ असा नाहीसा झाला.

मग काया का टिकला? माझं उत्तर असं: कायाने कधी उडी मारली नाही. यूएफएल जिंकली नाही, पीएफएलचे सुरुवातीचे हंगामही जिंकले नाहीत. एका वर्षात सगळं मिळवायला अफाट पैसा ओतायचा आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घ्यायचा, असं तिथे झालं नाही. मालक तेच राहिले आणि ते मुळात खेळाच्या वेडापायी आलेले होते, जाहिरातीसाठी नव्हे. पहिलं लीग जेतेपद मिळायला २०२३ उजाडलं, म्हणजे स्थापनेनंतर सत्तावीस वर्षं. मग २०२४ आणि २०२४-२५ अशी आणखी दोन लागोपाठ आली. २०२३ मध्ये महिलांची लीगही कायाच्याच मुलींनी जिंकली.

आशियाच्या पटावर

देशाच्या लीगमध्ये वरच्या जागी आलं की आशियाई स्पर्धेत जागा मिळते, आणि तिथे अंतर उघडं पडतं. २०२१ च्या जूनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात कायाने चीनच्या शांघाय पोर्टला १-० असं हरवलं. गोल जोव्हिन बेदिचचा, म्हणजे पहिल्या धाग्यातल्या खेळाडूचा. २०२३-२४ मध्ये गट होता जपानचा योकोहामा एफ. मारिनोस, चीनचा शानदोंग ताइशान आणि कोरियाचा इंचन युनायटेड. काया सहाच्या सहा सामने हरला. बाकी तिघांनी कायाला दोनदा हरवलं, एकमेकांशी जिंकत-हरत राहिले, आणि तिघांचेही बारा-बारा गुण झाले. त्यांतला मारिनोस पुढे अंतिम फेरीपर्यंत गेला.

त्या स्पर्धेतले कायाचे घरचे सामने इलोइलोत झाले नाहीत. मनिलातल्या रिझाल मेमोरियल मैदानात झाले, १९३४ मध्ये बांधलेल्या. आशियाई महासंघाचे निकष, दिवे, विमानतळ, हॉटेल, सगळा विचार करता मनिलाला पर्याय नव्हता. लीगचंही तेच झालं आहे. महामारीनंतर बहुतेक सामने रिझाल मेमोरियल, काविते प्रांतातलं कार्मोना आणि तार्लाकमधली न्यू क्लार्क सिटी अशा ठरलेल्या मैदानांवर होतात, सगळी लुझोन बेटावर. २०१७ ची 'प्रत्येकाचं एक घर' ही कल्पना पुन्हा गुंडाळून ठेवावी लागली.

कायाच्या नावात इलोइलो अजून आहे. बारोताक न्युएव्होच्या मैदानावर पोरं अजून संध्याकाळी खेळतात. त्यांतल्या एखाद्याला कायाची जर्सी मिळाली, तर तो आपल्याच प्रांताचं नाव घेऊन विमानाने मनिलाला जातो, आणि त्याचे आईवडील आपल्या संघाचा 'घरचा' सामना मोबाइलवर बघतात.